संमतीचा प्रश्न : केंद्राचे पोलीस आणि राज्यांचे अधिकार

(लखनौच्या इंदिरा नगरात मराठी भाषिक सभासदांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपण बसलो आहोत तेथून हजरतगंजचे पोलीस ठाणे काही मैलांवर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलीस दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या प्रेक्षकसंख्येतील कथित गैरव्यवहाराचा तपास करीत होते. तोच या हजरतगंज ठाण्यात अज्ञात व्यक्तींविरुद्ध त्याच विषयाचा एक गुन्हा नोंदला गेला. उत्तर प्रदेश सरकारने शिफारस केली आणि काही दिवसांतच केंद्रीय अन्वेषण विभागाने, म्हणजे सीबीआयने, तपास हाती घेतला. मुंबईत चाललेल्या तपासात केंद्राला शिरण्यासाठी लखनौचे दार उघडण्यात आले, अशी शंका महाराष्ट्रात व्यक्त झाली. २१ ऑक्टोबर २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने सीबीआयला दिलेली सर्वसाधारण संमती मागे घेतली. पुढे सरकार बदलले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा बहाल करण्यात आली.

कायद्याचा आधार

घटनेच्या सातव्या परिशिष्टात पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांच्या यादीत आहेत. सीबीआयची स्थापना १९६३ साली सरकारी ठरावाने झाली, परंतु तिचे अधिकार येतात १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यातून. त्याच्या पाचव्या कलमाने केंद्राला हे अधिकार राज्यांत विस्तारता येतात. लगेच पुढचे सहावे कलम सांगते की, राज्य सरकारच्या संमतीवाचून ते वापरता येणार नाहीत. हे छोटेसे कलम म्हणजे संघराज्याच्या दारावरील कडी होय.

ही कडी निखळविण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९ सप्टेंबर १९६८ रोजी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी एक दिवसाचा संप केला. केरळात कॉ. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे आघाडी सरकार होते. या सरकारने संपकऱ्यांवर दडपशाही करण्यास नकार दिला. तेव्हा केंद्राने राज्याला न विचारता तेथे केंद्रीय राखीव पोलीस दल धाडले. केंद्रीय गृहमंत्री होते महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण. म्हणजे वाद प्रांताचा नव्हता; सत्तेच्या वर्गीय स्वरूपाचा होता. आणीबाणीत, १९७६ साली, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने असे दल राज्यात पाठविण्याचा अधिकार ‘२५७-अ’ या कलमात लिहिला गेला. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ते कलम गेले. परंतु केंद्रीय यादीत त्याच वेळी घातलेली ‘२-अ’ ही नोंद मात्र तशीच राहिली.

आज नव्या वाटा शोधल्या गेल्या आहेत. मुंबईवरील हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये, राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला. तिच्या अधिकाऱ्यांना देशभर पोलिसांचे अधिकार आहेत, आणि त्यासाठी राज्याची संमती लागत नाही. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील नवे सरकार भीमा-कोरेगाव खटल्याचा फेरविचार करू लागताच केंद्राने तो तपास या यंत्रणेकडे सोपविला. राज्याचे गृहमंत्री तक्रार करीत राहिले. ११ ऑक्टोबर २०२१ च्या अधिसूचनेने पंजाब, पश्चिम बंगाल व आसाम या राज्यांत सीमा सुरक्षा दलाचे झडती, जप्ती व अटकेचे क्षेत्र सीमेपासून १५ किलोमीटरवरून ५० किलोमीटरपर्यंत वाढविण्यात आले. पंजाब व बंगालच्या विधानसभांनी विरोधाचे ठराव केले.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, संमती नाकारणे म्हणजे भ्रष्टाचाऱ्यांना अभय देणे. तो टिकत नाही. राज्याने संमती दिली नाही तरी उच्च न्यायालये व सर्वोच्च न्यायालय सीबीआयला तपासाचा आदेश देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये ठरविले आहे. महाराष्ट्रात संमती मागे घेतलेली असतानाच, एप्रिल २०२१ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांवरील आरोपांची प्राथमिक चौकशी सीबीआयकडे सोपविली. तेव्हा न्यायालयाचे दार उघडेच आहे. आपला विरोध आहे तो मंत्रालयाच्या लहरीला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि या प्रदेशात राहणाऱ्यांनी तो टाळू नये. राज्याचे पोलीस तरी जनतेचे आहेत काय? २२ मे १९८७ रोजी मेरठच्या हाशिमपुऱ्यातून मुस्लिम पुरुषांना पकडून नेऊन ज्यांनी गोळ्या घातल्या, ते याच राज्याच्या प्रांतीय सशस्त्र दलाचे जवान होते. दिल्ली उच्च न्यायालयाने सोळा जणांना जन्मठेप दिली ती ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी, एकतीस वर्षांनी. आणि २०२० साली याच राज्यात विशेष सुरक्षा दल उभारताना त्याला वॉरंटाशिवाय झडती व अटकेचा अधिकार देण्यात आला.

म्हणून, कॉम्रेड्स, राज्य सरकार म्हणजे लोकशाही, असा भाबडा समज आपण बाळगू नये. प्रश्न गणवेशाच्या रंगाचा नाही, जाब कोणाला विचारायचा याचा आहे. राज्याच्या पोलिसांनी मजुराला मारले तर आमदार विधानसभेत गृहमंत्र्याला उभे करू शकतो, कामगार जिल्हा कचेरीवर मोर्चा नेऊ शकतात. हे हत्यार बोथट आहे, पण हातात आहे. दूरच्या मंत्रालयाच्या हुकमाने अटक झाली की विधानसभेत उत्तर देणारा कोणी उरत नाही.

आपली मागणी त्यातूनच निघते. राज्यात पोलिसी अधिकार वापरणाऱ्या प्रत्येक केंद्रीय दलास संमतीची अट लागू करा. सीबीआयसाठी संसदेत स्वतंत्र कायदा करून तिला संसदेला जबाबदार धरा. आणि राज्यांच्या दलांना दिलेले वॉरंटाशिवायचे अधिकार रद्द करा. यांपैकी शेवटची मागणी आपण येथे, लखनौत मांडली नाही, तर पहिल्या दोन मागण्या मांडण्याचा नैतिक अधिकार आपल्याला राहणार नाही.