पंचनामा झाला, विचारपूस राहिली
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव आणि कर्ज यांवर सकाळपासून बोलणे झाले. मला बोलायचे आहे ते कास्तकाराने जीव दिल्यावर त्या घरात मागे उरलेल्या माणसांबद्दल.

असे घडले की पहिल्या पंधरा दिवसांत त्या घरी कोण कोण येते ते आठवून पहा. पोलिस येतात, तलाठी येतो, तहसीलची माणसे येतात, पुढारी येतात, फोटोवाले येतात. सगळ्यांचे प्रश्न तेच. कर्ज किती, कोणाचे, नोटीस आली होती का, दारू पीत होता का, घरात भांडण झाले होते का? मदतीचा एक लाख मिळण्यासाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे जिल्ह्याच्या समितीने ठरवायचे असते. म्हणजे ज्या बाईचा नवरा गेला, तिने त्याचे मरण दहा जणांना दहा वेळा सांगायचे आणि ते कागदावर पात्र ठरेल असे सांगायचे. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पैसे गेले. ती बाई रडेल तरी कोणापुढे?

तेरवी झाली की अंगण रिकामे होते. खरे कठीण दिवस त्यानंतरचे. पेरणी तोंडावर, सावकार दारात, मोठ्या पोराची शाळा सुटलेली, आणि सासू रात्ररात्र जागी.

संकटानंतर लगेच माणसांना एकत्र बसवून सगळे बोलायला लावावे, म्हणजे मन मोकळे होते, असे पूर्वी तज्ज्ञही मानत. तपासून पाहिले तेव्हा फायदा दिसला नाही, काहींना उलट त्रासच झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली ती पद्धत वापरू नका असे सांगितले. त्याऐवजी मनाचा प्रथमोपचार करायचा : बघा, ऐका, जोडून द्या. माणूस जेवतो का, झोपतो का, ते बघायचे. तो सांगेल तेवढेच ऐकायचे, खोदून विचारायचे नाही. मग रेशन, शाळा, बँक, डॉक्टर, जिथे अडले असेल तिथे जोडून द्यायचे. महिना उलटला तरी झोप येत नाही, दचकणे थांबत नाही, तर मात्र दवाखाना गाठायचा.

तुमच्यातले काही म्हणतील, आम्हाला घामाचे दाम द्या, डोक्याचा डॉक्टर कशाला? कास्तकार काय वेडा आहे? माझेही तेच म्हणणे आहे. २०१५ साली सरकारने चौदा जिल्ह्यांत समुपदेशनाचा 'प्रेरणा' प्रकल्प आणला. भावाच्या ऐवजी समुपदेशन देतो म्हणाल तर ते आम्ही परत पाठवू. पण बंडीवर जास्त ओझे लादल्याने बैलाचा पाय मोडला, तर ओझ्याचे भांडण चालू असताना पायही बांधावाच लागतो.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघर विचारपूस केली, गरज पडली तिथे डॉक्टर गाठून दिला. उदासीच्या आजारात उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ होते, ते दीड वर्षात २७.२ झाले. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येणारे शेकडा ५.२ होते, ते २.५ वर आले. २०१७ साली ते छापून आले. अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात हे का होऊ नये?

तेव्हा गावोगाव दोन मायबहिणी आणि एक भाऊ ठरवा. भावाने साहेबलोकांचे बघावे. हकिगत एकदाच लिहून घ्यावी आणि येईल त्याच्या हाती तीच प्रत द्यावी. बहिणींनी कागद न नेता जावे, आणि पेरणीला, पोळ्याला, पहिल्या दिवाळीला पुन्हा जावे. पोरांशी वेगळे बोलावे, त्यांना कोणी काही विचारतच नाही. मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाले तर एकटे सोडू नका, फवारणीचे औषध त्या घरातून हलवा आणि १४४१६ वर फोन लावा. २०२२ पासूनची ही सरकारी सेवा फुकट आहे, रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येते.

चहाच्या वेळी तालुकावार कागद फिरेल. ज्या घरी गेल्या दोन वर्षांत असे घडले त्या गावची नावे आधी लिहा.