हळदीपासून जनुकापर्यंत : मालकी कुणाची?

(पुण्यात मंडई परिसरात नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



पुण्यात विद्यापीठे अनेक झाली. परंतु ज्याला प्रवेशपरीक्षा नाही, शुल्क नाही आणि दीक्षान्त समारंभही नाही, असे विद्यापीठ एकच. ते म्हणजे मंडई विद्यापीठ. येथे भाजीच्या भावापासून देशाच्या भावितव्यापर्यंत सर्व विषयांचा खल होतो आणि निकाल जागेवर लागतो. १८८६ साली ही वास्तू गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उभी राहिली. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला महात्मा जोतीराव फुले यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला पुणेकरांनी त्यांचे नाव दिले. तिच्याच आवारात १९२४ पासून लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा आहे. जनतेचा पैसा जनतेच्याच कामी यावा हा एकाचा आग्रह, तर स्वदेशी हा दुसऱ्याचा मंत्र. आजचा विषय वरवर प्रयोगशाळेतला वाटेल. पण या दोन्ही महापुरुषांच्या विचारांची कसोटी तेथेही लागते.

प्रश्न असा आहे : माणसाच्या शरीरातील जनुक आणि त्या जनुकाच्या आज्ञेने तयार होणारी प्रथिने यांवर कुणा कंपनीला एकस्व, म्हणजे पेटंट, घेता येईल काय? आईकडून लेकीकडे रक्तातून आलेल्या वारशाची तपासणी करायची तर त्यासाठी परक्याची परवानगी लागावी काय?

हळदीची लढाई

या प्रश्नाच्या मुळाशी जाण्यापूर्वी मंडईतल्याच एका जिनसेची आठवण करणे इष्ट ठरेल. थंडीच्या दिवसांत येथे ओली हळद विकायला येते. कापले, खरचटले की हळद दाबून धरावी, हे ज्ञान कोणत्याही मराठी घरात आजी नातीला देते. तरीही मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एकस्व बहाल केले. अर्जात ज्यांची नावे होती ते दोघेही संशोधक भारतीय वंशाचे होते, ही गोष्टही विसरता कामा नये.

त्या सुमारास वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची धुरा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्याकडे आली होती. त्याआधी ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले. नुसता निषेध करून भागणार नव्हते. अमेरिकेचा कायदा एकच विचारतो : हे आधीपासून ठाऊक होते, याचा लेखी पुरावा आहे काय? परिषदेने जुन्या संस्कृत ग्रंथांपासून १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखापर्यंत बत्तीस संदर्भ पुढे ठेवले. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकी कार्यालयाला आपलाच निर्णय फिरवावा लागला. वृत्तपत्रांनी या विजयाला नव्या हळदीघाटीची लढाई म्हटले.

या लढाईचा धडा मात्र पुष्कळांनी अर्धाच घेतला. हळद जिंकली ती घोषणांनी नव्हे, तर पुराव्याने. ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ एवढे म्हणून न्यायासनासमोर काही सिद्ध होत नाही. कुठे लिहिले आहे, कोणत्या शब्दांत लिहिले आहे, हे दाखवावे लागते. म्हणूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांचे ग्रंथ परदेशी पेटंट परीक्षकांना समजतील अशा भाषांत त्यात मांडण्यात आले. ज्याची नोंद नाही त्याची राखण होत नाही, हे या देशाला किंमत मोजून कळले.

‘शोध’ या शब्दाची गंमत

हळद मानवाच्या शरीराबाहेरची. लवकरच वादाने शरीरातच प्रवेश केला. येथे मराठी भाषेतली एक गंमत ध्यानात घ्यावी लागते. कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला असे आपण म्हणतो आणि एडिसनने ध्वनिमुद्रण यंत्राचा शोध लावला असेही म्हणतो. शब्द एकच, पण पहिल्या बाबतीत जे होते ते सापडले आणि दुसऱ्या बाबतीत जे नव्हते ते घडवले गेले. पेटंटचा हक्क घडवणाऱ्याचा आहे, सापडणाऱ्याचा नव्हे. हा साधा भेद पुसट झाला की सारा घोटाळा सुरू होतो.

तो पुसट होण्याची सुरुवात १९८० साली झाली. आनंद मोहन चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञाने जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना खनिज तेलाचे विघटन करणारा जिवाणू प्रयोगशाळेत घडवला. सजीवाला पेटंट नाही, असे अमेरिकी पेटंट कार्यालय म्हणत होते. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने चक्रवर्तींच्या बाजूने कौल दिला. तो जिवाणू निसर्गात नव्हता, माणसाने घडवला होता. त्यामुळे तो निकाल समजण्यासारखा होता. परंतु दार किलकिले झाले आणि त्यातून बरेच काही आत शिरले. जनुक शरीरातून वेगळे काढले की ते ‘नवे’ झाले, असा युक्तिवाद रूढ झाला. २००५ मधील एका अभ्यासानुसार मानवी जनुकांपैकी जवळपास एक पंचमांश जनुकांचा उल्लेख अमेरिकी पेटंटांच्या दाव्यांत आढळला. खाणीतून सोने काढणाऱ्याने ‘हे सोने मीच निर्माण केले’ म्हणावे, तसाच हा प्रकार.

पापुआ न्यू गिनीमधील हागाहाई या छोट्या जमातीतील एका माणसाच्या रक्तपेशींपासून तयार केलेल्या पेशीमालिकेवर १९९५ साली अमेरिकी सरकारच्या आरोग्यसंस्थेनेच पेटंट घेतले होते. जगभर ओरड झाली आणि पुढच्या वर्षी तो हक्क सोडून देण्यात आला. भारतासारख्या देशाने त्यापासून सावध व्हावे असेच ते उदाहरण होते. पिढ्यानपिढ्या आपापल्या समूहात विवाह करणाऱ्या जातिजमातींमुळे येथील जनुकीय वैविध्य ही संशोधकांच्या दृष्टीने फार मोठी संपत्ती आहे.

लेकीच्या रक्ताची किंमत

या वादाचा कळस झाला तो स्तनाच्या कर्करोगाच्या प्रकरणात. काही कुटुंबांत आई, मावशी, बहीण अशा एकामागून एक स्त्रिया ऐन वयात या रोगाला बळी पडतात. त्यामागे अनुवंशिक कारण असून ते सतराव्या गुणसूत्रावर आहे, हे १९९० साली मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी विदुषीने दाखवून दिले. नेमके जनुक हाती लागण्यासाठी अनेक देशांतील प्रयोगशाळांत चढाओढ लागली. १९९४ मध्ये मिरियाड जेनेटिक्स ही कंपनी आणि तिचे सहकारी त्यात पुढे गेले. ‘बीआरसीए-१’ हे ते जनुक. पाठोपाठ ‘बीआरसीए-२’ आले. या संशोधनात अमेरिकी जनतेच्या करातून आलेल्या पैशाचाही वाटा होता. पेटंट मात्र खासगी झाले.

परिणाम काय झाला? अमेरिकेत ही तपासणी वर्षानुवर्षे जवळपास एकाच कंपनीची मक्तेदारी बनली. तपासणीचा खर्च तीन हजार डॉलरच्या वर गेला. अहवालाविषयी शंका आली तर दुसऱ्या प्रयोगशाळेकडून खात्री करून घेण्याची सोय नव्हती. दोष असलेले जनुक वारशाने मिळालेल्या स्त्रीला आयुष्यात केव्हातरी हा रोग होण्याचा धोका साठ टक्क्यांहून अधिक असू शकतो. अवयव काढून टाकण्याचा निर्णय ज्या कागदावर घ्यायचा, तो कागद दुसऱ्या कुणालाही तपासता येऊ नये, यापरते दुर्दैव कोणते?

अखेर २००९ मध्ये रुग्ण स्त्रिया, डॉक्टर आणि वैज्ञानिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, निसर्गात असलेले जनुक केवळ वेगळे काढल्याने त्यावर पेटंट मिळत नाही. प्रयोगशाळेत बनवलेल्या कृत्रिम जनुकप्रतीला मात्र ते मिळू शकते. निकाल लागताच इतर प्रयोगशाळांनी कमी किमतीत ही तपासणी देऊ केली. ऑस्ट्रेलियात कर्करोगातून वाचलेल्या इव्हॉन डार्सी या महिलेने असाच लढा दिला आणि तेथील उच्चतम न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०१५ रोजी एकमताने तिच्या बाजूने कौल दिला. योगायोग असा की, ७ ऑक्टोबर ही तारीख पुण्याच्या इतिहासातही कोरलेली आहे. १९०५ साली याच दिवशी तरुण सावरकरांच्या पुढाकाराने पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली होती.

भारताचा कायदा

या बाबतीत भारताचा कायदा अभिमान वाटावा असा आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर १९७० चा पेटंट कायदा उभा राहिला. औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट, या तत्त्वामुळे देशात औषध उद्योग वाढला. पुढे डंकेल प्रस्ताव आला. जागतिक व्यापार संघटनेच्या अटींनुसार १ जानेवारी २००५ पासून औषधांनाही पेटंट देणे भाग पडले. या प्रस्तावाविरुद्ध दत्तोपंत ठेंगडी यांनी कामगार, शेतकरी आणि स्वदेशी जागरण मंच यांच्यामार्फत रान उठवले होते. डाव्या पक्षांनीही आपल्या परीने संसदेत आग्रह धरला. राष्ट्रहिताच्या प्रश्नावर भिन्न विचारांचे लोक एका बाजूला उभे राहू शकतात, याचे ते उदाहरण होय.

त्या रेट्याचे फळ कायद्याच्या तिसऱ्या कलमात दिसते. निसर्गात आढळणाऱ्या सजीव-निर्जीव पदार्थाचा केवळ शोध लागला म्हणून पेटंट नाही. रोगनिदानाच्या आणि उपचाराच्या पद्धतीला पेटंट नाही. पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही. जुन्याच औषधाला किरकोळ बदल करून नवे म्हणवले, तर तेही चालणार नाही. या शेवटच्या तरतुदीवर १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने नोव्हार्टिस खटल्यात शिक्कामोर्तब केले. त्याआधी मार्च २०१२ मध्ये मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरील एका औषधासाठी देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला गेला. महिन्याला सुमारे दोन लाख ऐंशी हजार रुपयांचे औषध त्यामुळे आठ हजार आठशे रुपयांत उपलब्ध झाले.

नकार पुरेसा नाही

तथापि नुसता ‘नाही’ म्हणून राष्ट्र मोठे होत नाही. परकीय पेटंटला विरोध करणाऱ्याने स्वतः काही घडवलेही पाहिजे. औषध कंपन्या म्हणतात की, संरक्षण नसेल तर पैसा कोण घालणार? या प्रश्नात तथ्य आहे. एक औषध यशस्वी होण्यामागे अनेक अपयशे असतात. म्हणून जनुक सर्वांचे राहावे. ते वापरून कष्टाने घडवलेल्या साधनाला मर्यादित काळाचे संरक्षण मिळावे, आणि राष्ट्राच्या गरजेपुढे त्या संरक्षणालाही मुरड घालता यावी, हाच मध्यममार्ग होय.

असे घडवणारे महाराष्ट्रात झाले आहेत. इन्शुलिन हे मानवी शरीरातीलच प्रथिन. त्याचा शोध लावणाऱ्या संशोधकांनी १९२३ साली आपला हक्क टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकला होता. जनुकीय तंत्राने बनवलेले मानवी इन्शुलिन मात्र परदेशी कंपन्यांच्या हाती राहिले. २००३ मध्ये वोक्हार्टने तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ते देशात तयार करून दाखवले. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब या प्रथिन-औषधाची किंमत भारतीयांना पेलवेना, तेव्हा २०१२ मध्ये रोश कंपनीने पुण्याच्या एमक्युअरशी हातमिळवणी करून ते वेगळ्या नावाने कमी किमतीत आणले. पुढच्या वर्षी रोशने भारतातील पेटंटचा आग्रहही सोडला.

सर्वांत ताजे उदाहरण मुंबईचे. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्यांना कर्करोगाशी लढायला पाठवणारा ‘कार-टी’ उपचार अमेरिकेत कोट्यवधी रुपयांना मिळतो. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या संशोधनातून उभा राहिलेला ‘नेक्सकार-१९’ हा उपचार ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य झाला. त्याची किंमत परदेशातील उपचाराच्या सुमारे एक दशमांश आहे. तरीही ही रक्कम सामान्य माणसाला न पेलणारीच आहे, हेही लपवू नये. पण दिशा बरोबर आहे. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी संशोधन केले आणि त्याचे फळ जनतेच्या जवळ आले.

आणखी एक जबाबदारी शिल्लक आहे. ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पातील दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. ज्यांनी रक्त दिले त्यांना त्या संशोधनाचा लाभ कसा पोचणार, याचा हिशेब शासनाने आणि संस्थांनी आतापासूनच मांडून ठेवला पाहिजे. परक्याने लुटले तर ती लूट आणि आपल्याच माणसाने लुटले तर तो व्यवसाय, असा न्याय स्वदेशीत बसत नाही. हळदीच्या अर्जावरची नावे भारतीयच होती.

ईशोपनिषदाचा पहिलाच मंत्र मालकीच्या अहंकाराला लगाम घालतो. भोग घ्यावा तो त्यागपूर्वक, असे तो शिकवतो. जनुकाच्या बाबतीत त्याचा अर्थ अगदी रोकडा आहे. मंडईत पहाटेपासून गाळ्यावर बसणाऱ्या एखाद्या मावशीच्या घराण्यात हा रोग असेल, तर तिच्या लेकीची तपासणी तिला परवडेल अशा दरात, जवळच्या रुग्णालयात आणि वेळेवर झाली पाहिजे. फुल्यांचा आग्रह आणि टिळकांचा मंत्र या दोहोंचा मेळ त्या दिवशी बसेल. मंडईतली हळद राखली गेली, ती पुरावा गोळा करणारी माणसे होती म्हणून. मावशीच्या लेकीसाठी तेवढीच चिकाटी दाखवणारी माणसे उभी राहोत, हीच या विद्यापीठाची अपेक्षा.

वंदे मातरम्.