बाजारातील बोलका डबा



आठवडी बाजारात आज एक नवा आवाज ऐकू येतो. कांद्याच्या ढिगाशेजारी, चहाच्या टपरीच्या फळीवर किंवा चप्पल दुरुस्त करणाऱ्याच्या पेटीवर तळहाताएवढा एक डबा ठेवलेला असतो आणि अमुक इतके रुपये मिळाले असे तो मधूनच खणखणीत स्वरात जाहीर करतो. बोलीत याला साउंड बॉक्स किंवा नुसते स्पीकर म्हणतात. घरगुती उपयोगाच्या किती तरी विद्युत्-वस्तू शहरात रुजून मग खेड्यात आल्या. हा डबा मात्र मुख्यतः लहान विक्रेत्यासाठीच घडविला गेला, ही त्याची विशेषता होय.

त्याची गरज का निर्माण झाली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबईत मुख्यालय असलेले भारतीय राष्ट्रीय भुगतान निगम २००८ साली स्थापन झाले. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत तत्काळ पैसे पाठविण्याची सेवा त्याने २०१० मध्ये सुरू केली, आणि त्याच पायावर उभारलेल्या यूपीआय या व्यवस्थेचा प्रारंभ ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर डॉ. रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत झाला. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात या मार्गाने २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. पैसे देणाऱ्याची सोय झाली; परंतु पैसे घेणाऱ्याची एक अडचण शिल्लक राहिली. तराजू हातात, समोर पाच गिऱ्हाइके, हाताला माती लागलेली, आणि मोबाइल कनवटीला. पैसे खरोखर आले की नाही, हे पाहावयाचे केव्हा? गिऱ्हाईक आपल्या पडद्यावरील हिरवी खूण दाखवी आणि विक्रेता मान डोलावी. ती खूण जुन्या व्यवहाराची असू शकते किंवा बनावट चित्रही असू शकते, हे अनेकांना नुकसान सोसल्यावर कळले.

बोलक्या डब्याने ही उणीव भरून काढली. त्याच्या पोटात स्वतःचे सिमकार्ड असते. दोन्ही बँकांमधील व्यवहार पूर्ण झाला की त्याची वर्दी डबा पुरविणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेकडे जाते व तेथून ती डब्याकडे येते. गिऱ्हाइकाच्या फोनचा या वर्दीशी काही संबंध नसतो, म्हणूनच ती विश्वासार्ह ठरते. दृष्टिहीन विक्रेत्याला तर या आवाजाचे मोल निराळेच आहे.

भाषेचा मुद्दाही येथे येतो. इंग्रजीत वीस आणि एक हे शब्द जोडले की एकवीस होतात. मराठीत शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र रूप आहे. २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील ‘वीस एक’ या वाचनावरून राज्यात केवढा वाद झाला, हे शिक्षकांच्या स्मरणात असेल. बाजारातील डब्याला ही सवलत नाही. त्याने ‘सदुसष्ट’ असेच म्हटले पाहिजे, नाही तर भाजीवाली त्यावर विसंबणार नाही.

डब्यावर किंवा शेजारी चिकटविलेल्या काळ्यापांढऱ्या चौकोनाला गावोगावी ‘स्कॅनर’ म्हणतात. वस्तुतः स्कॅनर म्हणजे वाचणारे यंत्र, आणि येथे वाचण्याचे काम गिऱ्हाइकाचा फोन करतो. चौकोन हा केवळ पत्ता होय. पण शब्द रूढ झाला आहे. ही क्यूआर खूण जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केली. तिच्या तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन वाचणाऱ्या यंत्राला दिशा दाखवितात. मजकूर अशा रीतीने भरलेला असतो की ठरविलेल्या प्रमाणानुसार ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. धुळीने माखलेला, पावसाने भिजलेला कागद बाजारात चालतो तो यामुळे.

याच सोयीत एक धोका दडला आहे. डोळ्यांना सर्व चौकोन सारखेच दिसतात. मूळ कागदावर कोणी आपला कागद चिकटविला तर पैसे त्याच्या खात्यात जातात. डबा फक्त स्वतःशी जोडलेल्या खात्याविषयीच बोलतो. म्हणून तो गप्प राहिला की संशय घ्यावा. पैसे देण्यापूर्वी फोनवर उमटणारे नाव गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घेण्याचा प्रघात पाडणे हा यावरील साधा उपाय आहे. आणखी एक गोष्ट शाळेत मुलांना सांगण्याजोगी आहे: पैसे घेण्यासाठी गुप्त पिन कधीही द्यावा लागत नाही, तो पैसे देताना लागतो. ‘पैसे पाठवितो, पिन टाका’ असे कोणी म्हणाले की तेथेच थांबावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. रक्कम पुढील खात्यांत पांगण्यापूर्वी कळविले तरच ती अडविता येण्याची शक्यता असते.

डब्याचे मौन मात्र प्रत्येक वेळी लबाडीचे लक्षण नव्हे. डोंगराळ भागात नेटवर्क गेले, बॅटरी संपली, तर पैसे येऊनही तो बोलत नाही. आणि मग बाजारात विनाकारण तंटा होतो. अशा वेळी व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक पाहावा व खाते तपासावे. गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम कापली जाऊन व्यापाऱ्याकडे पोहोचलीच नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत मिळावी आणि विलंबाच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मिळावी, असे रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ठरवून दिले. बँकेच्या खिडकीशी उभ्या राहणाऱ्या माणसाला हे सहसा ठाऊक नसते. ग्रामपंचायतीच्या फलकावर ही माहिती लावण्यास खर्च येत नाही.

खर्चाचा विषय निघाला आहे तर डब्याचे भाडेही पाहिले पाहिजे. यूपीआयने पैसे स्वीकारण्याबद्दल व्यापाऱ्याकडून घ्यावयाचे शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य करण्यात आले. डब्याचे मासिक भाडे हा निराळा विषय असून ते पुष्कळदा जमा रकमेतूनच परस्पर वळते होते. पावसाळ्यात धंदा बंद राहिला तरी वजावट थांबत नाही. डबा घेताना भाडे किती, तो परत कसा करावयाचा, या दोन गोष्टी विचारून घेणे अगत्याचे आहे; विक्रीस येणारा तरुण त्या आपण होऊन सांगेलच असे नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न खात्याच्या मालकीचा आहे. पहाटे भाजी खुडणारी, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात येणारी आणि दिवसभर उन्हात बसणारी स्त्री. डबा तिच्या पुढ्यात बोलतो, पण रक्कम मुलाच्या किंवा पतीच्या खात्यात जमा होते, असे अनेक ठिकाणी दिसून येते. रोख व्यवहारात निदान गल्ल्याची पिशवी तिच्या कमरेला होती. संध्याकाळी मीठमिरचीसाठी तिला कोणाकडे मागावे लागत नव्हते. आता मिळकतीचा आकडा साऱ्या बाजाराला ऐकू येतो आणि पैसा तेवढा तिच्या हाताबाहेर राहतो. यात दोष यंत्राचा नाही. खाते जोडताना घरातील ज्याच्याकडे फोन होता त्याचे नाव लागले, इतकेच. २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेमुळे पुष्कळ स्त्रियांची स्वतःची खाती आहेत. परंतु ते खाते डब्याशी जोडावयाचे तर खात्याला लागलेला मोबाइल क्रमांक तिच्या हाती असावा लागतो, आणि तो पुष्कळदा मुलाच्या खिशात असतो. हा क्रमांक बदलण्यासाठी खातेदाराने ओळखपत्रासह बँकेच्या शाखेत अर्ज द्यावयाचा असतो. बचत गटाच्या बैठकीत किंवा महिला ग्रामसभेत ग्रामसेवकाने असे अर्ज लिहून घेतले, तर पुढच्या बाजारापूर्वी ते शाखेत पोहोचू शकतील.