पुंजबिंदूंची घडण

सोनें गुंजभर असो वा शेरभर, डोळ्यांना त्याचा रंग एकच दिसतो. कॅड्मियम सेलेनाइड ह्या अर्धवाहकाचे सूक्ष्म कण मात्र हा नियम जुमानीत नाहींत. जंबुपार प्रकाशांत दोन-अडीच नॅनोमीटरांचे कण निळसर हिरवे झळकतात, सहा नॅनोमीटरांचे तांबडे. आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! द्रव्य तेंच, परंतु अरुंद जागेंत कोंडलेला इलेक्ट्रॉन अधिक ऊर्जा बाळगतो व तीच प्रकाशरूपानें परत देतो. ह्या कणांना क्वांटम डॉट म्हणतात. मराठींत पुंजबिंदु म्हणावयास हरकत नाहीं.

१९८१ सालीं सोव्हिएट रशियांत एकिमोव ह्यांना रंगीत काचेंत, व १९८३ सालीं अमेरिकेंत ब्रूस ह्यांना द्रवांत, हा चमत्कार आढळला. अडचण होती ती सारखेपणाची. लहानमोठे कण एकत्र आले कीं रंगांची खिचडी होते.

ती अडचण १९९३ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत मरे, नॉरिस व बावेंडी ह्यांनीं दूर केली. ट्रायऑक्टिलफॉस्फीन ऑक्साइड नांवाचा मेणासारखा पदार्थ हवा वगळून सुमारें ३०० अंशांपर्यंत तापवावयाचा. कॅड्मियम व सेलेनियम पुरविणारीं पूर्वद्रव्यें पिचकारींत घेऊन त्यांत एका झटक्यांत सोडावयाचीं. तत्क्षणीं असंख्य बीजकण जन्मतात; पण थंड द्रव पडल्यानें उष्णता उतरते, द्रावणांतील सांठाहि घटतो, आणि नवा जन्म थांबतो. पुढें पुन्हां बेतानें तापविलें कीं सारे एकाच वयाचे कण बरोबरीनें वाढतात. पिवळा, नारिंगी, तांबडा असा रंग चढत जातो. हवा तेथें आंच काढावयाची. पिचकारी सावकाश दाबली तर मात्र थोरल्यांत धाकटे मिसळलेच!

ह्या तिघा संशोधकांना, म्हणजे एकिमोव, ब्रूस व बावेंडी ह्यांना, २०२३ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

मूळ कृतींतील डायमेथिलकॅड्मियम हें जहाल विषारी असून हवेंत पेट घेऊं शकतें. २००१ सालीं आर्कान्सॉ विद्यापीठांत त्याऐवजीं साधें कॅड्मियम ऑक्साइड वापरून तेंच काम साधलें. तरी कॅड्मियम राहिलेंच; जपानांत जिन्झू नदीकांठच्या लोकांचीं हाडें ठिसूळ करणारा धातु तो हाच. म्हणून दूरचित्रवाणीच्या कित्येक पडद्यांत आतां इंडियम फॉस्फाइडचे कण योजतात. त्यांचें फॉस्फरसयुक्त पूर्वद्रव्य मात्र फार उतावळें. सोडल्याबरोबर तें जवळजवळ संपून जातें, बीजकणांना पुढें वाढावयास शिदोरी उरत नाहीं, आणि सारखेपणाचा जुना प्रश्न रसायनज्ञांपुढें पुन्हां उभा राहतो.