गिअर पडत नाही? आधी बाहेरून बघा

आज शेळ्या नाहीत, शिवण नाही आणि हप्त्याचा हिशेबही नाही. आज बोलायचंय दारात उभ्या असलेल्या जुन्या मोटरसायकलविषयी. आपल्या माण तालुक्यात वस्तीवरून दूध डेअरीला घालायचं, लेकराला दवाखान्यात न्यायचं, बाजार आणायचा, तर कितीतरी घरांत हीच एक गाडी. पंधरा-वीस वर्षांची हिरो होंडा स्प्लेंडर, नाहीतर त्याहून जुनी सीडी हंड्रेड. गाडी कुणीही चालवो, दुरुस्तीचे पैसे बऱ्याचदा गटातून जातात. म्हणून हा विषय.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटात एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कारण, "गिअर पडत नाही, इंजिन खोलायचंय." गॅरेजवाल्याने तसं सांगितलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, "कुठला गिअर पडत नाही?" ते ताईंना सांगता येईना, त्यांच्या मालकांनाही येईना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात गाडी बंद करून मधल्या स्टँडवर लावली. ताईंनी गिअरचं पेडल हाताने दाबलं, मी खाली बसून बघितलं. पेडल हलत होतं, पण ते ज्या दांड्यावर बसवलेलं असतं तो दांडा जागचा हलत नव्हता. त्या दांड्याला बारीक दाते असतात, पेडलच्या भोकातही तसेच दाते असतात आणि एक बोल्ट दोघांना आवळून धरतो. बोल्ट ढिला होऊन पेडलचे दाते गुळगुळीत झाले होते. नवीन पेडल आणलं, दहा नंबरच्या पान्याने बोल्ट आवळला, चारी गिअर पडले. अर्ज मागे घेतला.

अशा वेळी कुणी म्हणेल, पेडल वेल्डिंग करून टाका, कायमचं काम. करू नका. त्या उष्णतेने दांड्यावरचं ऑइल सील खराब होतं, आणि पुढे कधी कव्हर काढायचं झालं की पेडल कापावं लागतं.

आणखी एक. बंद गाडी जागेवर उभी असताना वरचा गिअर पडला नाही तर घाबरू नका. आतले दाते समोरासमोर आले तरच ते एकमेकांत बसतात. गाडी थोडी पुढे-मागे ढकलत पेडल दाबा, पडतो. हा बिघाड नाही.

आता क्लच. गिअरच्या निम्म्या तक्रारी मला तरी क्लचच्याच वाटतात. क्लच दाबून पहिला गिअर टाकला आणि गाडी खट्‌कन झटका देऊन पुढे सरकली, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, गाडी बंद केली की मात्र लगेच सापडतो, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. उलट, चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पळत नाही, दोन दूधकॅन लावून शिंगणापूरचा चढ चढताना हे हमखास कळतं, तर क्लच घसरतोय. दोन्हींत पहिल्यांदा क्लचच्या मुठीची मोकळीक बघा. मुठीचं टोक साधारण एक ते दोन सेंटिमीटर सैल हललं पाहिजे, मग वायरला ताण यावा. मोकळीक जास्त असेल तर क्लच अर्धाच सुटतो आणि गिअर अडकतात. अजिबात नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात. वायरच्या टोकाला असलेला नट फिरवून ही मोकळीक जमवता येते. मुठीजवळ वायरचा एखादा तार तुटून वर आलेला दिसला तर वायर बदलूनच घ्या, रस्त्यात तुटण्याची वाट बघू नका.

मग ऑइल. या गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. ऑइल कमी किंवा जळून काळं पडलेलं असेल तर गिअर जड होतात. स्वस्त मिळालं म्हणून कारचं ऑइल घालू नका. त्यातल्या काही ऑइलमध्ये घसरण वाढवणारे पदार्थ असतात, त्याने क्लच घसरतो. बाटलीवर जेएएसओ एमए अशी इंग्रजी अक्षरं छापलेली बघून मोटरसायकलचंच घ्या. जुनं ऑइल काढताना डब्यात धरा. त्यात धातूचा बारीक चुरा दिसणं झिजेचं लक्षण आहे, पण दाताचा तुकडा निघाला तर गाडी चालवू नका, मेकॅनिककडे ढकलत न्या. आणि ते ऑइल ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका.

एवढं सगळं ठीक असूनही त्रास असेल, तर बिघाड आत आहे. तिथेही फरक असतो. पेडल दाबल्यावर आपोआप परत येत नसेल, लुळं पडत असेल, तर परत ओढणारी स्प्रिंग तुटलेली किंवा निसटलेली असण्याची शक्यता जास्त. स्प्लेंडरसारख्या गाडीत ती क्लचच्या बाजूचं कव्हर काढून बदलता येते, पूर्ण इंजिन फोडावं लागत नाही. पण जोर दिल्यावर एकच ठरावीक गिअर निसटत असेल, बाकीचे नीट चालत असतील, तर त्या गिअरचे दाते झिजलेले किंवा त्याला सरकवणारा फोर्क वाकलेला. ते काम मात्र इंजिन फोडूनच होतं आणि खर्चिकच असतं. अशा वेळी गाडीची किंमत आणि दुरुस्तीचा आकडा शेजारी लिहून मगच कर्जाचा विचार करा.

तपासताना गाडी बंद असू द्या, सायलेन्सर गार होऊ द्या, पदर आणि ओढणी खोचून घ्या. इंजिन चालू ठेवून चेनजवळ हात नेऊ नका.

गॅरेजला जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: त्रास एकाच गिअरला आहे की सगळ्यांना, गाडी गार असताना होतो की तापल्यावर, क्लच दाबूनही गाडी सरकते का, आणि ऑइल शेवटचं कधी बदललं. मेकॅनिक भाऊंना "काढलेले पार्ट परत द्या" हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगा. झिजलेला दाता हातात धरला की बिघाड खरा होता की नाही, हे आपल्यालाही दिसतं.