पट्टा कमरेचा, कस विद्येचा



शस्त्रावाचून लढण्याच्या विद्येला संस्कृतात नियुद्ध म्हणतात. तिच्या आचार्याची पदवी खरी की खोटी, हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न आज अनेक देशांत उभा आहे.

पदव्यांची ही परंपरा फारशी प्राचीन नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानमध्ये ज्यूदोची कोदोकान ही संस्था स्थापिली. पुढच्याच वर्षी त्यांनी दोन शिष्यांना पहिली 'दान' श्रेणी दिली. कराटेमध्ये गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ साली हीच पद्धत स्वीकारली. पहिल्या श्रेणीचे नाव 'शोदान', म्हणजे आरंभीची पायरी. काळा पट्टा पारंगततेचा नव्हे, खऱ्या अध्ययनाच्या प्रारंभाचा द्योतक होता!

पुढे ही विद्या जगभर पसरली. परंतु सर्वांवर अधिकार चालेल अशी एकही संस्था उभी राहिली नाही. नवी शैली काढावी, नवा संघ स्थापावा आणि स्वतःलाच दहावी श्रेणी बहाल करावी, हा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. शिकागोच्या जॉन कीहान याने 'काउंट दांते' हे नाव धारण करून, आपण जगातील सर्वांत घातक पुरुष आहोत अशा जाहिराती चित्रकथांच्या पुस्तकांतून दिल्या. १९७० साली त्याने साथीदारांसह प्रतिस्पर्धी शाळेवर चाल केली. त्या झटापटीत त्याच्याच एका साथीदाराचा बळी गेला.

चीनमध्ये २०१७ साली शू शियाओदोंग या मिश्र युद्धकलेच्या खेळाडूने ताई-ची गुरू म्हणविणाऱ्या वेई लेई याला काही क्षणांतच लोळविले. प्रारंभी तेथील वूशू संघटनेने या लढतीचाच निषेध केला. मात्र २०२० साली त्याच संघटनेला, कोणी स्वतःस 'महागुरू' वा 'पंथप्रमुख' म्हणवू नये, असे आवाहन करावे लागले.

प्रमाणपत्र नाही म्हणून विद्या खोटी ठरत नाही. कित्येक घराण्यांत ती कागदावाचून गुरूकडून शिष्याकडे आली. म्हणून कसोटी कागदाची नको, कसाची हवी. गुरूचा गुरू कोण? त्याची परीक्षा कोणी घेतली? त्याचे शिष्य खरोखर प्रतिकार करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर सराव करतात काय? हे प्रश्न पालकांनी निःसंकोच विचारावेत.

खोट्या गुरूपायी केवळ शुल्क वाया जात नाही. स्वसंरक्षणाच्या भरवशावर निर्धास्त झालेली एखादी कन्या संकटसमयी त्या पोकळ विद्येवर विसंबते, आणि तेव्हा चूक सुधारण्यास अवधी उरलेला नसतो. खरा आचार्य प्रश्नांनी रागावत नाही. तो शिष्याला आखाड्यात उतरवून उत्तर देतो.