स्कोप डोळ्यापासून किती लांब हवा?

आपल्याकडे 1972 च्या कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच. पण अमेरिकेत परवाना काढून हरणाची शिकार चालते. आजचा भाग तिकडच्या दोस्तांसाठी.

आय रिलीफ म्हणजे काय? स्कोपच्या मागच्या काचेपासून डोळा जितक्या अंतरावर ठेवला की पूर्ण गोल चित्र दिसतं, ते अंतर. साध्या स्कोपला साडेतीन-चार इंच. काडतूस दणकट असलं आणि डोकं जरा पुढे गेलं, की धक्क्याने स्कोपची कडा थेट भुवईत!

लाँग आय रिलीफ म्हणजे नऊ-दहा इंच. हा स्कोप पुढे, नळीवर बसतो. जेफ कूपर यांनी 1980 च्या दशकात ‘स्काउट रायफल’ म्हणून ही मांडणी गाजवली. दोन्ही डोळे उघडे ठेवून पटकन नेम धरता येतो. जुन्या मोझिन-नागांसारख्या रायफलीत बोल्टचा दांडा स्कोपला अडत नाही.

मग सगळ्यांनी हाच घ्यायचा? नाही. दिसणारा परिसर अरुंद. सूर्य पाठीशी असला की काच चमकते. संध्याकाळी, नेमकी हरणं बाहेर पडतात तेव्हा, चित्र अंधुक होतं. आणि चुकलेला नेम म्हणजे जखमी जनावर तडफडत राहणार.

म्हणून झाडीत, जवळून शिकार असेल तरच हा घ्या. मोकळ्या रानात साधा चार इंचवालाच बरा. पिस्तुलाचा स्कोप मात्र नको, तो हात लांब करून बघायचा असतो.

दुकानात रिकामी रायफल डोळे मिटून खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. मान न हलवता पूर्ण गोल दिसला? मग घ्या!